तळ्यापलीकडचं बाकडं

१

कंडक्टर फार बोलायचे. किती, तर आपला थांबा आला तरी उतारू किस्सा संपेपर्यंत उतरायचे नाहीत आणि मग पुढच्या थांब्यावरून चडफडत मागे चालत यायचे. सगळी नोकरी शहर बसमध्ये गेली. गल्लीने त्यांचं नाव रेडिओ ठेवलं होतं, आणि एकही तिकीट न फाडता त्यांची बायको कंडक्टरीणबाई झाली होती. बाई घरी शिवणकाम करायच्या. मशीनचा आवाज एकीकडे, नवऱ्याचा दुसरीकडे, आणि मधल्या मध्ये आपण, असा आपला संसार, असं त्या म्हणायच्या.

गेल्या पावसाळ्यात कंडक्टरांना झटका आला. उजवा हात निकामी झाला, पाय फरफटायला लागला आणि वाचा गेली. अगदी सगळी गेली असंही नाही, एक शब्द तेवढा मागे राहिला. "हो." आता नशिबाची थट्टा बघा. ज्या माणसाने जन्मभर बायकोच्या प्रत्येक वाक्याला "छे, भलतंच" म्हणून सुरुवात केली, त्याच्या पदरात उरलं काय, तर "हो". चहा हवा का? हो. नको का? हो. माझा राग आला का? हो. सुरुवातीला बाई हसल्या. मग हसणं संपलं. मग त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच ठरवून मोकळ्या व्हायच्या. माणूस तरी किती वेळ दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणार?

दरवर्षी थंडी ओसरली की दोघं राष्ट्रीय उद्यानात एक दिवस पायी फिरायला जायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनचा नेम होता तो. यंदा लेकीने फोनवर डोकंच धरलं. "आई, बाबांना घेऊन जंगलात? काय खूळ आहे हे?"

"जंगल कुठलं गं? तळ्याकाठची सपाट वाट आहे. बाकडी आहेत, फाटकावर माणूस आहे."

"आणि काही झालं तर?"

"व्हायचं ते घरात बसून झालंच की," बाई म्हणाल्या.

२

फाटकापासून थोडं आत गेलं की वाट फुटते. तिथे तळ्याकडे तोंड करून एक लाकडी बाकडं आहे. उजवीकडची वाट कड्यावर चढते. डावीकडची पाण्याच्या काठाकाठाने जाते. बाईंना उंचीची भीती, आणि कंडक्टरांना सपाटीवर झोप यायची. म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी दोघांनी तोडगा काढला होता, तो म्हणजे त्यांनी वरून जायचं, हिने खालून. तळ्याच्या पलीकडे दोन्ही वाटा एका झाडाखाली परत मिळतात, तिथे भेटायचं. पिशवी ते खांद्याला लावून वर न्यायचे आणि भेटल्यावर बाई ती त्यांच्याकडून घ्यायच्या. ते दिसायच्या आधी त्यांचा आवाज खाली यायचा. वाटेत कोणीतरी अनोळखी माणूस गाठून त्याला किस्सा ऐकवत उतरायचे. बाई म्हणायच्या, "आलात? किती उशीर." ते म्हणायचे, "छे, भलतंच. तूच लवकर आलीस."

यंदा बाकड्यापर्यंत पोचता पोचताच कंडक्टरांना धाप लागली. बाईंनी त्यांना बसवलं, काठी बाजूला टेकवली, गळ्यात मफलर नीट गुंडाळला आणि केळ्याचे तुकडे करून भरवायला घेतले. निम्मं केळं हनुवटीवरून मफलरवर आलं.

"अहो, जरा तोंड मिटून खा ना. लहान आहात का?"

"हो," कंडक्टर म्हणाले.

बाईंना एकदम रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त राग. राग कोणाचा म्हणायचा? त्यांचा तर नाहीच, त्या बिचाऱ्यांनी काय केलं होतं? समोर तळं लखलखत होतं. पलीकडच्या काठावर झाडांना नवी पालवी आली होती. त्या मनाशी म्हणाल्या, घटकाभर. फक्त घटकाभर कोणाचं तोंड पुसायचं नाही, कोणाला धरायचं नाही.

"मी जरा काठाने पुढे जाऊन येते," त्या म्हणाल्या. "इथेच बसा. उठायचं नाही. चालेल ना?"

"हो."

ते हो कुठल्या बाजूचं होतं ते बाईंनी पाहिलं नाही. त्या पिशवी तिथेच ठेवून निघाल्या. पहिलं वळण घेतल्यावर पाय आपोआप भराभर पडायला लागले आणि खांदे हलके झाले. इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

३

घटकाभर म्हणता म्हणता बाई तळ्याला अर्धा वळसा घालून गेल्या. झाड दिसलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की फार पुढे आलो, आता फिरायला हवं. तेवढ्यात वरून आवाज आला.

"सावकाश या हो, दगड निसटता आहे. हां, तर मी काय सांगत होतो, तो म्हातारा म्हणतो, बेडकाचं तिकीट अर्धं की पुरतं?"

कड्याच्या वाटेने कंडक्टर उतरत होते. टोपी मागे सरकलेली, खांद्याला पिशवी. मागे वळून कोणाला तरी हात केला आणि खाली आले.

"आलात?" बाई म्हणाल्या. "किती उशीर."

"खरंच उशीर झाला गं," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्याकडे घेतली, आणि दोघं पुढे चालायला लागली. ते बोलत होते, वर भेटलेल्या माणसाचं, वाऱ्याचं, कड्यावरून दिसणाऱ्या गावाचं. बाई हूं हूं करत होत्या, अर्धं लक्ष बोलण्यात, अर्धं वाटेतल्या मुळांवर. इतकी वर्षं असंच चाललं होतं. अंगवळणी पडलेली गोष्ट माणूस तपासून बघत नाही. हाताला दाराची कडी लागते तसा तो आवाज त्यांच्या कानाला लागला होता.

बऱ्याच अंतरावर ओढ्यावरचा एक लाकडी साकव आला. कंडक्टरांनी पुढे होऊन उजवा हात दिला. बाईंनी तो धरला. हात गरम होता आणि त्याने बाईंची बोटं घट्ट पकडली.

तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं, हा हात तर निकामी झालेला.

४

आता तुम्ही म्हणाल, बाईने तिथल्या तिथे किंकाळी का नाही फोडली? सांगायला सोपं आहे. आठ महिने ज्या आवाजासाठी जीव तळमळला, तो आवाज शेजारून चालला आहे. अशा वेळी माणूस किंचाळत नाही. माणूस कारणं शोधतो.

बाईंनीही शोधली. डॉक्टर म्हणाले नव्हते का, की वाचा कधी कधी एकाएकी परत येते? म्हणाले होते. बरं, मग पाय? पायही आला असेल. हात? हातही. सगळं एकाच दिवशी? का नाही, जायला तरी कुठे दोन दिवस लागले होते? आणि कडा? कडा चढले कसे? पिशवी तर मीच बाकड्यावर ठेवली होती, ती उचलून ते चढले असतील. असतील. त्यात न होण्यासारखं काय आहे?

एक साधी गोष्ट करायची होती. साकवावरून तळ्यापलीकडचं बाकडं स्वच्छ दिसतं. मान नुसती डावीकडे वळवली की झालं. बाईंनी मान वळवली नाही. त्या समोर बघत राहिल्या, आणि डाव्या गालाला पाण्याचा उजेड लागत होता.

"यंदा पाणी कमी आहे," त्या म्हणाल्या.

"आहे खरं कमी."

"नाही, मला वाटतं जास्तच आहे."

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "जास्तच आहे."

साकव मागे पडला. वाटेवरचं गवत बाईंच्या पायांना लागून सळसळत होतं. त्यांनी कान देऊन ऐकलं. सळसळ एकाच माणसाची येत होती.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या.

"विचार की."

"दवाखान्यात, पहिल्या सकाळी, तुम्ही खिडकीकडे हात करून काहीतरी सांगत होता. किती वेळ. मला कळलंच नाही. शेवटी नर्सने हात खाली ठेवला. काय सांगत होता?"

ते थांबले. त्यांनी बाईंकडे बघितलं. इतकं मायेने त्यांच्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं, खुद्द कंडक्टरांनीसुद्धा नाही. ते म्हणाले, "तुला म्हणत होतो, उजाडलं आहे, तू घरी जा आता. थोडी झोप. माझ्यापायी फार दमली आहेस."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. हेच. नेमकं हेच कोणीतरी म्हणावं म्हणून त्या आठ महिने वाट बघत होत्या. किती गोड वाटलं म्हणून सांगू, भाजलेल्या जागी गार पाणी पडल्यासारखं. आणि त्याच क्षणी त्यांना कळून चुकलं. कारण आपला नवरा त्या ओळखत होत्या. तो जिवाचा माणूस होता, पण मुलखाचा हट्टी. दवाखान्याच्या खाटेवरूनही तो एवढंच म्हणाला असता की ती खिडकी लावा, झोंबतंय, आणि ह्या बाईला कळत कसं नाही.

बाईंनी मान डावीकडे वळवली.

५

बाकड्यावर कंडक्टर बसले होते. मफलर, बाजूला काठी, मांडीवर पडलेला हात, सगळं होतं तसं. तळ्याएवढं अंतर मध्ये होतं तरी त्यांच्या खांद्याचा कलता बाक बाईंनी ओळखला.

त्यांच्या शेजारी एक बाई बसली होती. विटकरी रंगाचा स्वेटर, मागे घट्ट अंबाडा. बाईंनी खाली आपल्या अंगावर बघितलं. विटकरी स्वेटर. गेल्या साली स्वतः विणलेला.

ती कंडक्टरांचं तोंड पुसत होती. घाई नव्हती तिला. एक तुकडा भरवायची, ते चावून गिळेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायची, मग हनुवटी टिपायची. मधेच कंडक्टरांनी मान मागे टाकली. हसताना टाकायचे तशी.

"बघू नकोस," शेजारून आवाज आला. अगदी हळुवार. "तिकडे त्यांचं बरं चाललंय. तिला कंटाळा येत नाही."

बाईंची नजर बाकड्यावरून हलली नाही.

"आणि आपलंही बरं चाललंय की नाही? तू दमली होतीस. यात कोणाचं वाईट झालं, सांग."

खरं सांगायचं तर कोणाचंच नाही. बाईंनी मनात हिशेब मांडून पाहिला आणि तो चोख निघाला. पलीकडे त्यांना न चिडणारी बायको, इकडे हिला बोलणारा नवरा. गेले आठ महिने याहून वेगळं त्यांनी मागितलं तरी काय होतं? पुढे चालत राहायचं एवढंच काम होतं. वाट सपाट होती, ऊन सौम्य होतं आणि शेजारचा माणूस पिशवी घ्यायला हात पुढे करत होता.

पण बाईंच्या मनात जे उसळलं ते यातलं काहीच नव्हतं. ती निव्वळ, अस्सल असूया होती. माझ्या नवऱ्याचं तोंड ही कोण टवळी पुसतेय?

त्यांनी पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि मागे फिरल्या.

तो मागे आला नाही. बोलत मात्र राहिला. "अगं, ऐक तर." मग बेडकाचा किस्सा सुरू झाला, कानाशी येऊन सांगावा तसा. बाई झाडापाशी पोचल्या, पुढचं वळण झालं, आता त्या जवळजवळ धावत होत्या, तरी आवाज लहान होत नव्हता. किस्सा चांगला होता. बाईंना कधी न ऐकवलेला. शेवटाला काय झालं ते कळावं असं त्यांना फार वाटलं, आणि त्यांनी दोन्ही कान हातांनी दाबून धरले.

६

बाकड्याची पाठ वाटेकडे होती. पाठीच्या वर दोन डोकी दिसत होती, एक कललेलं, एक अंबाड्याचं. अंबाड्याखाली मानेवर जन्मखूण होती. आपल्या मानेवर अशी खूण आहे हे बाईंनी नवऱ्याकडून ऐकलं होतं. स्वतःची मान माणसाला कधी दिसते?

"उठा," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "चला, उठा. ऊन उतरलं."

कोणाला म्हणाल्या ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. पण उठली ती दुसरी. कंडक्टरांच्या गुडघ्यावरचा रुमाल तिने झटकला, घडी केली, त्यांच्या खिशात ठेवला. मागे वळून बघितलं नाही. आणि कड्याच्या वाटेला लागली. ज्या वाटेच्या पहिल्या दगडावरही बाईंनी कधी पाय ठेवला नव्हता, ती वाट ती न थांबता, हात न टेकता चढून गेली आणि वळणावर झाडीत शिरली.

कंडक्टर तिच्याकडे बघत होते. ती दिसेनाशी झाल्यावरही बघत होते. बाईंना ते सोसवेना. त्या पुढे येऊन त्यांच्या शेजारी बसल्या. लाकूड अजून गरम होतं. कंडक्टरांचा मफलर स्वच्छ होता, केळ्याचा डागसुद्धा नव्हता, आणि केस कोणीतरी ओल्या हाताने नीट बसवले होते.

"मला तुमचा कंटाळा आला होता," बाई म्हणाल्या. "खरंच आला होता. उद्याही येईल. मी चिडेन, बोलेन. मी तिच्यासारखी नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला जायचं असलं तर हाक मारा तिला. लांब गेली नसेल."

कंडक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्यांनी काठी उचलली आणि बाकड्यावर आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर अशी की तळ्यावरचे पक्षी उडाले. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला त्याला शब्द नव्हता, पण अर्थ लख्ख होता. मला इथे एकट्याला टाकून गेलीस. गेलीसच कशी?

"गेले," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. "गेले खरी."

नवरा आपल्यावर इतका संतापलेला बघून एखाद्या बाईला इतका आनंद झाल्याचं कधी ऐकलं नसेल कोणी. त्यांनी त्याचा दुबळा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. हात गार होता, आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरून चोळला.

७

फाटकावरच्या माणसाने त्यांना पाहिलं आणि तो खुर्चीवरून अर्धा उठला.

"अहो काका! तुम्ही आत्ताच बाहेर पडलात ना? काकू, तुम्हीपण." तो कंडक्टरांच्या पायाकडे बघून जरा चाचरला. "काय हसवलंत हो मघाशी. बेडकाचं ते... काही विसरलं होतं का आत?"

"हो," बाई म्हणाल्या. "घेतलं आता."

बस वळण घेत होती तेव्हा बाई आणि कंडक्टर रस्त्याशी पोचले. मागच्या काचेत दोन डोकी होती. एक दुसऱ्याच्या खांद्यावर टेकलेलं, आणि ते दुसरं बोलत होतं. उजवा हात हवेत काहीतरी मोठं, गोल काढून दाखवत होता. मग बस गेली आणि धूळ खाली बसली.

बाई थांब्यावर टेकल्या. घराची किल्ली त्यांच्या कमरेच्या पाकिटात होती, हाताला लागत होती. बसमधली ती दोघं किल्लीवाचून अडतील असं काही त्यांना वाटलं नाही. संध्याकाळी लेकीचा फोन येईल. फोन बाबा उचलतील. "काय गं, जेवलीस का?" म्हणतील, आणि लेक तिकडे आनंदाने हमसून हमसून रडेल. आई आता चिडत नाही हेही तिच्या ध्यानात येईल. बाईंनी हे सगळं डोळ्यांपुढे बघितलं. त्यात वाईट एवढंच होतं की लेक सुखी दिसत होती.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. बाईंनी कंडक्टरांच्या मफलरचं टोक आत खोचलं.

"ती काय म्हणाली हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

कंडक्टरांनी तोंड उघडलं. "हो" आलं नाही. ओठ पुढे आले, मिटले, परत पुढे आले. कपाळावरची शीर ताठ झाली. कुठलं तरी अक्षर होतं ते, "क" असेल किंवा "ग". एरवी बाईंनी शब्दांचा मारा केला असता. चहा? गार वाटतंय? घरी जायचं? त्यांच्या तोंडाशी आलेही ते शब्द. त्यांनी ते गिळले आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसल्या.

दिवे लावलेली बस आली. दारात उभ्या असलेल्या तरुण कंडक्टरने घंटा धरून ठेवली. "चला काका, काकू. शेवटची आहे. नंतर काही मिळायचं नाही."

बाईंनी त्याच्याकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून.

"ते बोलताहेत," त्या म्हणाल्या.

बस थोडा वेळ थांबली, मग निघून गेली. कंडक्टर अजून पहिल्याच अक्षरावर होते.